चांगल्या बाटलीला हात लागत नाही

लेकीने बीअरचा ग्लास समोर ठेवला आणि भिंगरावांचा उजवा हात त्यांना न विचारताच कामाला लागला. तीन बोटं ग्लासच्या बुडाशी, अंगठा मधोमध, ग्लास खिडकीच्या उजेडासमोर धरायचा, डावा डोळा किंचित बारीक करायचा. एकतीस वर्षं हाताने हेच केलं होतं, आणि निवृत्तीचं पत्र हाताला कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. ग्लास टेबलापासून वीतभर वर गेला, तोच टेबलाखालून बायकोची चप्पल त्यांच्या बुटावर येऊन टेकली. दाबली नाही, नुसती टेकली. सदतीस वर्षांच्या संसारात तेवढं पुरतं. भिंगरावांनी हात वाटेतच वळवला, ग्लास नाकाशी नेला आणि आपण वासच घ्यायला निघालो होतो असा चेहरा केला. वास खरोखर चांगला होता. भाजलेल्या धान्याचा, आणि त्याच्या मागे कसल्याशा सालीचा, जरा कडवट. हे बोलून दाखवायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. लेक रिकामा ट्रे पोटाशी धरून उभी होती. तिने ग्लासकडे पाहिलं, बापाच्या तोंडाकडे पाहिलं, एक श्वासभर थांबली, आणि "बसा निवांत, मी येतेच," म्हणून काचेच्या भिंतीआड निघून गेली. ती काहीतरी घ्यायला थांबली होती आणि रिकाम्या हाताने परत गेली, एवढं भिंगरावांना कळलं.

शब्द दिलेला होता. दुपारी घरी शर्टाची बटणं लावताना बायकोने तो काढून घेतला होता. "आज कसलीही खोड काढायची नाही," ती म्हणाली होती. "भिंतीचा रंग नाही, खुर्चीचा पाय नाही, मीठ नाही. पोरीने दुकान उघडून आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी तुमचा गुडघा आडवा आला, ते एक असो. आज जायचं, खायचं, प्यायचं आणि गप्प बसायचं." भिंगराव म्हणाले, "मी गप्पच असतो." "तेच तर," बायको म्हणाली आणि कुलूप शोधायला लागली. त्या 'तेच तर'ने बसमध्ये त्यांचा पिच्छा सोडला नाही. खोड काढू नका म्हणते, गप्प बसा म्हणते, आणि गप्प असतो म्हटलं की तेच तर म्हणते. बायकोच्या बोलण्यात एरवी त्यांना सहसा दोष सापडत नसे, म्हणजे सापडे पण दुरुस्तीपलीकडचा नसे. हे वाक्य मात्र त्यांनी चार थांबे उलटसुलट करून पाहिलं आणि शेवटी मांडीवर ठेवून दिलं. भिंगराव हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हे. बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या खुर्चीवर बसणाऱ्या तरुण माणसाला कुणीतरी पहिल्याच वर्षी 'भिंग' म्हटलं, पाच वर्षांनी त्याला 'राव' चिकटलं, आणि पुढे पुढे तर शेजारच्या बाई सुद्धा त्यांच्या बायकोला "भिंगराव आहेत का घरी?" असं विचारू लागल्या. त्यांना राग नव्हता. नाव कामाचं होतं, आणि काम त्यांना आवडत होतं.

बायको याला दुकान म्हणत होती, लेक ब्रूपब म्हणत होती, आणि भिंगराव आत पाऊल टाकल्यापासून मनातल्या मनात कारखाना म्हणत होते. पूर्वी इथे टायरचं गोदाम होतं. छप्पर उंच, खिडक्या वरच्या अंगाला, चार वाजताचं ऊन तिथून तिरकं येऊन लाकडी टेबलांवर पडलेलं. एका बाजूला टेबलखुर्च्या, दुसऱ्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेपलीकडे बीअर आंबवायच्या, दीड पुरुष उंचीच्या पाच स्टीलच्या टाक्या. प्रत्येक टाकीला दाबाचं घड्याळ, प्रत्येक नळीला आपापली खूण. फरशीला मोरीच्या दिशेने उतार, आणि तो बरोबर दिलेला. पाणी कुठे थबकून राहत नव्हतं. भिंगरावांची नजर या सगळ्यावरून सावकाश फिरली आणि कुठेही थांबली नाही. टाक्यांवरून गेली, जोडांवरून गेली, भिंतीत बसवलेल्या दिव्यांवरून गेली. बसायला खुर्च्या असलेला कारखाना त्यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि आपल्या लेकीचा असा एक असावा याचं त्यांना आत कुठेतरी फार बरं वाटलं. पाय पसरावेत, पाठ टेकावी, असं ते बरं वाटणं होतं. त्यांनी पाय पसरले. पहिला घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि तिसऱ्या घोटानंतर ग्लास खाली ठेवताना ते दिसलं.

ग्लासच्या डाव्या अंगाला, आतून, अंगठ्याच्या ठशाएवढ्या जागेत बुडबुडे चिकटून बसले होते. बाकी सगळ्या ग्लासात ते आपले तळातून सुटून सरळ वर चालले होते, आणि हे एवढेच हटून बसलेले. भिंगरावांना याचं कारण पुस्तकात बघायची गरज नव्हती. स्वच्छ काचेवर बुडबुडा टिकत नाही, आणि स्वच्छ काचेवरून पाणी सलग उतरतं. जिथे तुटतं तिथे काहीतरी लागलेलं असतं. कधी साबण राहिलेला असतो, कधी तेलकट बोट, कधी फडक्याचा धागा. डोळ्यांना जे बघायचं नव्हतं नेमकं तेच डोळ्यांनी आणून समोर ठेवलं होतं. त्यांनी ग्लास फिरवून ती बाजू पलीकडे केली. आता ती बायकोच्या बाजूला गेली. बायकोला त्यातलं काही कळणार नव्हतं, पण आपल्याला माहीत असलेली खोट दुसऱ्याकडे तोंड करून ठेवणं त्यांच्याने होईना, म्हणून त्यांनी ग्लास पुन्हा आपल्याकडे वळवला. "काय खेळताय?" बायकोने विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. तिने काळ्या रंगाची बीअर घेतली होती, लहान ग्लासात, "चाखण्यापुरती" म्हणून, आणि ती आता तळाला आली होती. "अहो, ही पावाच्या करपलेल्या कडेसारखी लागते," ती म्हणाली, "आणि मला ती कड लहानपणापासून आवडते. मी लेकीला सांगितलं तसं." केव्हा सांगितलं? मघाशीच, ती ट्रे धरून उभी होती तेव्हा. एवढ्यात सांगूनही झालं. भिंगराव वास घेत बसले होते तेवढ्यात बायकोने पावती फाडून हातात दिली होती.

कारखान्यात भट्टीतून निवून आलेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक यायच्या. मागे पांढरा उजेड लावलेला पडदा, पुढे खुर्ची, खुर्चीत भिंगराव. वीस मिनिटं बघायचं आणि उठायचं. मग जोडीदाराने बसायचं. जोडीदार दर बाटलीगणिक उसासा टाकल्यासारखा श्वास सोडायचा म्हणून त्याचं नाव सुस्कारा. वीस मिनिटांपुढे कुणालाही बसू देत नसत, कारण एकविसाव्या मिनिटाला बाटल्या दिसायच्या बंद होतात आणि नुसती वाहती काच दिसते. काचेत न वितळता राहिलेला कण असला तर त्याला दगड म्हणत. आणि सगळ्यांत वाईट तो झोका. बाटलीच्या आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केसाएवढा काचेचा धागा ताणलेला असतो. बाटली भरताना तो तुटतो आणि कुणाच्यातरी घशात जातो. एकतीस वर्षांत भिंगरावांनी सात झोके पकडले, आणि सातही त्यांना कोणत्या पाळीत, कोणत्या रंगाच्या काचेत, ते आठवत होतं. त्या सात घशांची माणसं कुठेतरी हिंडत असतील, जेवत असतील, भांडत असतील, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नसेल. असंच असायला हवं होतं. वाईट बाटली दिसली की मधलं बोट पुढे करायचं आणि तिला खालच्या पिंपात ढकलायचं; ती खळकन फुटायची. चांगली बाटली आपली आपण पुढे जायची. नव्याने येणाऱ्यांना भिंगराव पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवत: चांगल्या बाटलीला हात लागत नाही. हात लागला की ती वाईट. पोरं हे वाक्य पाठ करत, डब्याच्या वेळी त्यांची नक्कल करत, आणि महिन्याभरात तसंच वागायला लागत.

अडचण एवढीच की ते वाक्य कारखान्याच्या फाटकाशी थांबलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोने विचारलं होतं, "भाजी कशी झालीये?" आणि भिंगराव घास हातात धरून दचकून म्हणाले होते, "का? काही झालंय का तिला?" बायकोने ही गोष्ट पुढे माहेरी, सासरी, लग्नाकार्यांत इतक्या वेळा सांगितली की आता ती सांगायला लागली की भिंगरावच शेवटचं वाक्य बोलून मोकळे होत. पण ती शिकली. वर्षभरात तिला कळलं की हा माणूस काही न बोलता ताट स्वच्छ करून उठला म्हणजे भाजी पास झाली. तिने तसं मानून घेतलं आणि त्यांनीही तिने मानलं आहे असं मानून घेतलं. लेकीचं प्रगतिपुस्तक यायचं तेव्हा ते सही करायच्या आधी सगळ्यांत कमी गुणांच्या विषयावर बोट ठेवायचे. रागावायचे नाहीत, नुसतं बोट. बाकीच्या आठ विषयांवरून नजर न थांबता गेली याचा अर्थ ते आठ उत्तम होते, आणि हे त्या पोरीला कळत असणारच. भिंगाच्या घरची पोरगी ती. तिला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "बस किती वाजता आहे?" ती नोकरी सोडून बीअर करायला शिकायला निघाली तेव्हा विचारलं, "जेवणाचं काय?" यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. आज टेबलाशी ती ट्रे धरून एक श्वासभर थांबली तो थांबा मात्र त्यांना ओळखीचा वाटला, आणि कुठला ते आठवत नव्हतं.

पलीकडच्या टेबलावर एकटाच एक माणूस बसला होता, गळ्यात कुठल्याशा कचेरीचं ओळखपत्र. त्याने घोट घेतला आणि ओठावरचा फेस पुसायच्या आधीच मोठ्यांदा म्हणाला, "वा! काय झालीये!" लेक तिथून जात होती. तिचा चेहरा उजळला; ती थांबली, त्याच्याशी दोन वाक्यं बोलली, हसली, केस कानामागे सारून पुढे गेली. किती सोपं होतं ते. त्या माणसाने ना ग्लास उजेडात धरला होता, ना दुसरा घोट घेतला होता. एका घोटावर असं सर्टिफिकेट देणाऱ्याला भिंगरावांनी खुर्चीजवळ उभं केलं नसतं. तरी लेकीचा चेहरा उजळला, हे खरं. भिंगरावांनी तोंड मिटून, आतल्या आत, 'वा, काय झालीये' म्हणून पाहिलं. दुसऱ्याचा कोट अंगात घालावा तसं ते खांद्यांत आवळत होतं. आणि त्याच क्षणी तो थांबा कुठला ते आठवलं.

लेक अकरा वर्षांची होती. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं होतं की लिंबू, साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून बाटली बंद करून ठेवली की चार दिवसांत आपोआप फसफसणारं सरबत होतं. तिने सहा बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, कपाटात कपड्यांमागे ठेवल्या. तिसऱ्या दिवशी एक फुटली. भिंगराव पाळीवरून घरी आले तेव्हा बायको फरशी पुसत होती आणि लेक कोपऱ्यात उभी होती. कुणाला लागलं का? नाही. मग ते खाली बसले, काचेचा एकेक तुकडा उचलला, वर्तमानपत्रावर मांडला, आणि फुटलेली बाटली पुन्हा जुळवायला लागले. काच कुठून फुटायला सुरुवात झाली हे तिच्या कडा सांगतात. बघणाऱ्याला वाचता यायला हवं. दोन तास लागले. बुडाजवळ मोहरीएवढा दगड सापडला. आणि त्या शेजारीच, बुडावर, साच्याचा आकडा होता. तो त्यांच्याच लाइनचा. म्हणजे ही बाटली त्यांच्या नाहीतर सुस्काऱ्याच्या डोळ्यांसमोरून पुढे गेली होती, बाजारात गेली होती, आणि फिरून त्यांच्याच पोरीच्या कपड्यांमागे येऊन बसली होती. पोरगी कपाट उघडून उभी असती तर, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. मधेच कधीतरी लेकीने उरलेल्या पाचांतली एक बाटली उघडून ग्लास भरून त्यांच्याजवळ आणून ठेवला होता. ते तो पूर्ण प्यायले, एका दमात, तळापर्यंत. गार, झोंबणारं, चांगलं होतं. ग्लास खाली ठेवला. ती तिथे उभी होती, एक श्वासभर. मग भिंगरावांनी तिला दगड दाखवला आणि म्हणाले, "तुझी चूक नव्हती. बाटलीची होती." आपण पोरीला केवढं मोठं काहीतरी दिलं असं त्यांना त्या संध्याकाळी वाटलं होतं, आणि आजपर्यंत वाटत होतं.

"काका, काकू, हे गरम आहे, जपून." लेकीची भागीदार खाणं घेऊन आली. ती उंच होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि तिला तिथे सगळे शेफ म्हणत, लेकसुद्धा. बीअरसाठी उकळून उरलेलं धान्य कणकेत घालून तिने पाव केला होता, वरून जाड, आतून ओलसर. सोबत सालीसकट भाजलेले बटाटे, लोण्यात परतलेली अळिंबी, आणि एका वाटीत मोहरीचं काहीतरी तिखट. बायकोने पाव मोडला आणि वाफ वर आली. "अगं, छान झालाय हा," बायको घास पुरता गिळायच्या आधीच म्हणाली. शेफ खूश झाली. मग तिने भिंगरावांकडे पाहून विचारलं, "आणि काका, बीअर कशी वाटली? सांगा हं तिला. सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नाही. आमचे ग्लास आम्ही धुऊन जाळीवर उपडे वाळवतो, कापड लावत नाही कधी. सगळ्यांना तीच शिकवते, कापड लावायचं नाही. आणि आज स्वतः तुमचा एक ग्लास वेगळा काढून फडक्याने पुसत बसली होती. दहादा पुसला असेल. म्हटलं, अगं काय चाललंय? तर म्हणे, बाबा उजेडात धरून बघतील." शेफ हसली, बायको हसली, आणि कुठेतरी घंटा वाजली तशी शेफ स्वयंपाकघराकडे पळाली.

भिंगरावांनी ग्लासकडे पाहिलं. अंगठ्याच्या ठशाएवढी ती जागा तशीच होती आणि बुडबुडे तिथेच धरून बसले होते. तर हे असं होतं. साबण नाही, निष्काळजीपणा नाही. डाग दिसू नये म्हणून दहादा फिरलेलं फडकं, आणि त्याने ठेवलेला डाग. चौतीस वर्षांची बाई, पाच टाक्यांची मालकीण, लोकांना कापड लावू नका म्हणून शिकवणारी, आणि बाप येणार म्हणून स्वतःचंच शास्त्र विसरून ग्लास पुसत बसली. आपण आयुष्यभर चांगल्याला हात न लावता पुढे जाऊ दिलं, आणि पुढे जाता जाता ते बिचारं दर वेळी मागे वळून बघत राहिलं असणार, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की एवढी वर्षं कसं दिसलं नाही याचंच नवल वाटलं. एकविसावं मिनिट, दुसरं काय. कुणी उठवलंच नाही. त्यांनी खुर्ची मागे सारली. "कुठे निघालात?" बायकोने विचारलं. "येतो." "अहो, शब्द दिलाय तुम्ही!" "आठवतंय," ते म्हणाले, निम्मा ग्लास हातात घेतला आणि दुखरा गुडघा सांभाळत काचेच्या भिंतीतल्या दाराशी गेले.

आत दमट ऊब होती आणि धान्याचा वास दाट होता. लेक रबरी बूट घालून पाइपाने फरशी धूत होती. त्यांना बघून तिने नळ बंद केला. पाणी उतारावरून सळसळत मोरीकडे गेलं आणि मग अगदी शांत झालं.

"काय झालं? काही हवंय?" तिने विचारलं. मग तिची नजर ग्लासवर गेली आणि खांदे जरा वर आले. "सापडलं ना काहीतरी? सांगा. आईने तुमच्याकडून शब्द घेतलाय ते माहितीय मला. इथलं तिला ऐकू जात नाही."

"आधी बीअरचं," भिंगराव म्हणाले.

लेक पाइप हातात धरून उभी राहिली. भिंगरावांनी घसा साफ केला. "चांगली झालीये." शब्द बाहेर पडला आणि त्यांचा त्यांनाच तो फॉर्मवरच्या शेऱ्यासारखा वाटला. एवढ्याने भागणार नव्हतं. "म्हणजे आधी कडू लागते. मला वाटलं, कडूच आहे. मग ते कडू जातं आणि मागे भाजल्याची चव राहते, आणि मग पुन्हा घोट घ्यावासा वाटतो. मी तीन घोटांत निम्मा ग्लास संपवला. एरवी मी पाणीसुद्धा असं पीत नाही. आणि वासही. वासाचं मघाशीच सांगायचं होतं, राहिलं. फरशीचा उतारही बरोबर आहे."

"फरशीचा उतार," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा आला.

"आणि ते सरबतही चांगलं होतं."

"कुठलं सरबत?" तिने विचारलं, पण फार पटकन विचारलं.

"लिंबाचं. तू केलं होतंस ते. मी पूर्ण ग्लास प्यायलो होतो."

"पाहिलं होतं मी. तुम्ही ग्लास खाली ठेवलात आणि पुन्हा काचांकडे वळलात."

"ती बाटली माझ्या लाइनची होती," भिंगराव म्हणाले. "दगड सुटला होता आमच्याकडून. तुझ्या तोंडावर उडाली असती. मला दुसरं काही सुचत नव्हतं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुम्ही घाबरला होतात?"

"हो. फार."

"आणि मला वाटलं, सरबत वाईट झालंय पण बाबा बोलत नाहीयेत. उरलेल्या चार बाटल्या मी त्याच रात्री मोरीत ओतल्या."

"चारही?"

"चारही. एक थेंब ठेवला नाही."

तेवीस वर्षांपूर्वी मोरीतून गेलेल्या त्या चार बाटल्या भिंगरावांना एकामागून एक पट्ट्यावरून जाताना दिसल्या, आणि चारही चांगल्या होत्या. "जरा आंबट होतं," ते शेवटी प्रामाणिकपणे म्हणाले, "पण ओतण्यासारखं मुळीच नव्हतं." यावर लेक हसायला लागली. ती हसता हसता पाइप खाली पडला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते ओल्याच मनगटाने पुसलं. भिंगराव तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. मध्ये टाकीची नळी होती, म्हणून हात खांद्यावरच पडला. तो तिथेच राहू दिला.

"आता ग्लासचं सांगा," ती नाक ओढत म्हणाली. "काहीतरी आहे, मला कळतंय. बघताय कधीचे."

भिंगरावांनी ग्लास उचलला. तीन बोटं बुडाशी, अंगठा मधोमध. या वेळी त्यांनी तो पुरता उजेडात धरला आणि डावा डोळा बारीक केला. काचेपलीकडून बायको मान उंच करून बघत होती, आणि तिच्या चपलेचा एवढ्या लांबून काही उपयोग नव्हता. ती जागा तिथेच होती. त्यांनी ती नीट पाहिली, घाई न करता, आणि म्हणाले, "ग्लास चांगला आहे."

"खरंच?"

"मी हेच काम करत होतो. चांगला आहे."

टेबलाशी परत आले तेव्हा बटाटे कोमट झाले होते आणि बायको भांडायच्या तयारीत होती. "काढलीत ना खोड? एवढा वेळ काय बोलत होतात?" "सरबताचं राहिलं होतं," भिंगराव म्हणाले. बायकोला सरबत आठवायला क्षणभर लागला. मग तिच्या चेहऱ्यावरची भांडणाची तयारी उतरली, तिने पावाचा मोठा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मग माझ्या भाज्यांचंही राहिलंय. सदतीस वर्षांचं. घरी गेलं की सुरू करा, एका दिवसात व्हायचं नाही." "पाव चांगला आहे," भिंगराव घास घेऊन म्हणाले, सराव म्हणून. "तो मी नाही केला," बायको म्हणाली. वरच्या खिडक्यांतलं ऊन आता भिंतीवर चढलं होतं, ओळखपत्रवाल्याने दुसरा ग्लास मागवला होता, आणि अळिंबी खरोखर फार छान लागत होती. तेही त्यांनी सांगून टाकलं. सांगण्याने काही फुटत नाही, असं दिसत होतं.

लेक बूट बदलून आली तेव्हा त्यांचा ग्लास रिकामा झाला होता. "दुसरी आणू?" तिने विचारलं. "आण. पण ग्लास हाच राहू दे." तिने ग्लास उचलला, आणि सवयीने, अगदी त्यांच्यासारखाच, उजेडासमोर धरला. प्रत्येक घोटाबरोबर उतरलेल्या फेसाने आतून कडी सोडली होती, एकाखाली एक. सगळ्या कड्या एका अंगाला, अंगठ्याच्या ठशाएवढ्या जागेत, तुटलेल्या होत्या. हे कशाने होतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. रोज दहा जणांना ती तेच शिकवत होती. तिने ती जागा पाहिली, मग सकाळचं फडकं तिला आठवलं असावं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिने बापाकडे पाहिलं.

"बाबा, याला तर..."

"मी बघितलाय तो," भिंगराव म्हणाले. "भर."